सुरतेच्या डॉक्टरीणबाई आणि मुलीचे 'शहाणे' होणे

सुरत म्हटले की मराठी वाचकाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी आणि दुसरी १९०७ ची काँग्रेस, जिथे जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली आणि भर मंडपात जोडा भिरकावला गेला. आमच्या सरहद्दीच्या मुलखाला तिसरी सुरतही ठाऊक आहे, ती पोटापाण्याची. तापीच्या काठाकाठाने, भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशातली घरेच्या घरे तिकडे गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांनी संसार थाटले, आणि मुलांना मराठी शाळेत घालावे की गुजराती या पेचात ती पिढ्यान्‌पिढ्या अडकली.

अशा घरांत हल्ली एक प्रसंग वरचेवर घडतो. नात दहा-अकरा वर्षांची असतानाच तिला न्हाण येते. गावाहून आलेली आजी दचकते. 'आमच्या वेळी चौदावे सरले तरी पत्ता नसायचा,' असे म्हणते. मग कारणांचा शोध सुरू होतो. शहराचे पाणी, बाहेरचे खाणे, घरातला टीव्ही. आणि त्या घरात बाप नसला, आई एकटी राबत असली किंवा तिने दुसरे लग्न केले असले, तर नातेवाइकांचे बोट हळूच तिच्याकडे वळते. 'घराला धरबंद नाही, मग पोर लवकर मोठी होणारच.'

घराची घडण आणि मुलीचे वयात येणे यांचा संबंध असतो का, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्या मराठी डॉक्टरांनी, वकिलांनी आणि संपादकांनी त्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी डोकेफोड केली आहे. त्या वादाचा मागोवा घेऊ लागलो की वाटेत सुरत एकदा नव्हे, तीनदा भेटते.

आधी आपल्या शब्दांकडे पाहू. मुलीला प्रथम ऋतू प्राप्त झाला की आपण म्हणतो, 'न्हाण आले', 'पदर आला', 'शहाणी झाली'. पलीकडे गुजरातीत यालाच 'अटकाव' म्हणतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत एकाच गोष्टीला एक शब्द शहाणपणाचा आणि दुसरा अडवणुकीचा आहे! जुन्या काळी ही बातमी घरापुरती राहत नसे. मुलीला मखरात बसवीत, ओटी भरीत, बायका गाणी म्हणत. मुलीचे लग्न आधीच, आठव्या-दहाव्या वर्षी, झालेले असे. त्यामुळे न्हाण येणे म्हणजे सासरच्यांना निरोप धाडणे आणि फलशोभनाचा, म्हणजेच गर्भाधानाचा, दिवस धरणे. शरीराचे घड्याळ वाजले की घराने दार उघडायचे, असा शिरस्ता.

या शिरस्त्याला शंका विचारणारे मराठी घराणे सुरतेच्या वाटेनेच आपल्याला भेटते. दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे कर्ते, हे १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे १८४४ साली त्यांनी दुर्गाराम मेहताजी आदी मित्रांसह मानवधर्म सभा स्थापन केली. मूर्तिपूजा, जातिभेद, भूतपिशाच यांवर तीत चर्चा चालत. स्वतः दुर्गाराम विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्या दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे होते.

१८७१ साली कलकत्त्याच्या केशवचंद्र सेनांनी देशातल्या नामांकित डॉक्टरांना पत्र लिहून विचारले, की हिंदुस्थानात मुली कोणत्या वयात ऋतुमती होतात आणि त्यांचे लग्न कमीत कमी कोणत्या वयात व्हावे? त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी, की उष्ण देशात मुली लवकर पिकतात, जसे आंबे. इंग्लंडात जॉन रॉबर्टन नावाच्या मँचेस्टरच्या शल्यवैद्याने या समजुतीला याआधीच हरकत घेतली होती. केशवचंद्रांना उत्तर देणाऱ्यांपैकी काही डॉक्टरांनीही हवामानापेक्षा चालीरीतींकडे बोट दाखविले. बालविवाहाने मुलीच्या मनाला आणि शरीराला अकाली चाळविले जाते आणि म्हणून ती लवकर मोठी होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे घराच्या रीतीचा परिणाम मुलीच्या शरीरावर होतो, हा विचार आपल्याकडे तेव्हाच मांडला गेला होता.

बहुतेक डॉक्टरांनी लग्नाचे किमान वय चौदा ते सोळा सांगितले. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी सोळा म्हटले. आत्माराम पांडुरंगांनी मात्र वीस वर्षे सांगितली! न्हाण आले म्हणजे मुलगी आईपणाला योग्य झाली हे गणितच त्यांना मान्य नव्हते. १८७२ साली झालेल्या तिसऱ्या कायद्याने चौदा वर्षे धरली; वीस कुणाच्याच पचनी पडले नाहीत. पण आत्मारामांनी आपले मत घरात तरी पाळले. १८७८ साली तरुण रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्यापूर्वी त्यांच्या घरी राहिले, तेव्हा त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेहून शिकून आलेली आणि अविवाहित होती.

या आत्मारामांचे एक समव्यवसायी होते डॉ. सखाराम अर्जुन. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसे होती, ती हीच. सखाराम अर्जुन ग्रँट कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या घराची घडण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

मुंबईच्या सुतार ज्ञातीतल्या जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी, १८६४ साली, त्यांना मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्यांच्या ज्ञातीत विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. काही वर्षांनी त्यांनी विधुर सखाराम अर्जुनांशी लग्न केले. पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली. ती मुलगी म्हणजे रखमाबाई. बाप तान्हेपणी गेलेला, घरात सावत्र बाप. आजच्या काही शास्त्रज्ञांनी ज्या घराकडे विशेष बोट दाखविले आहे, ते नेमके असेच घर.

रीतीप्रमाणे रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय सुमारे एकोणीस, सखाराम अर्जुनांच्या नात्यातलाच. त्याने त्यांच्याकडे राहून शिकावे असे ठरले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाईला न्हाण आले. दादाजीकडच्यांना वाटले, आता गर्भाधान व्हावे. पण सावत्र बाप डॉक्टर होता. एवढ्या कोवळ्या वयात हे होणे त्याला मंजूर नव्हते, आणि त्याने ते होऊ दिले नाही. मुलगी आईच्या घरीच राहिली, चोरून-लपून वाचू लागली, आणि वाचता वाचता तिचे तिला कळले की या लग्नाला आपली संमती कधीच विचारली गेली नव्हती.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १८८४ साली दादाजीने वैवाहिक हक्कांसाठी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरात न्या. पिन्हे यांनी रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल पाहायला सखाराम अर्जुन उरले नव्हते. त्याच वर्षी ते वारले. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जा. रखमाबाईने तुरुंगाची तयारी दाखविली. 'केसरी'ने तिच्यावर कडक टीका केली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली, आणि पुढल्याच वर्षी रखमाबाई वैद्यकी शिकायला विलायतेला गेल्या.

याच सुमारास सुरत दुसऱ्यांदा येते. बालविवाहाविरुद्ध १८८४ साली आपली प्रसिद्ध टिपणे काढून साऱ्या देशात वादळ उठविणारे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी हे जन्माने बडोद्याचे, पण वाढले सुरतेत. वडील वारल्यावर आई त्यांना घेऊन सुरतेला आली. तेथे मेरवानजी मलबारी नावाच्या निपुत्रिक औषध-विक्रेत्याने त्यांना दत्तक घेतले आणि आपले आडनाव दिले. मुलींच्या वयाचा प्रश्न ऐरणीवर आणणारा हा माणूसही मोडलेल्या आणि पुन्हा जोडलेल्या घरातच वाढला होता.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधातून दगावली. पन्नासाहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी अशाच हकिगतींची यादी जोडून सरकारला अर्ज केला. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि १८६० पासून दहा असलेले वय बारा करण्यात आले. त्या वेळचे वाद आज चाळले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. विरोधक म्हणत, आमच्या मुली बाराच्या आधी ऋतुमती होतात आणि ऋतुप्राप्तीनंतर सोळा रात्रींत गर्भाधान करणे हा धर्म आहे, तेव्हा हा कायदा धर्मात ढवळाढवळ करतो. टिळकही विरोधात होते. बाजूचे लोक म्हणत, बाराच्या आधी न्हाण येणाऱ्या मुली थोड्याच. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथ उलगडून दाखविले, की गर्भाधान पुढे ढकलता येते. पण दोन्हीकडचे पुष्कळसे लोक हिशेब करीत होते तो शरीराच्या घड्याळाचाच. घड्याळ केव्हा वाजते यावर भांडण होते. ते वाजल्यावर दार उघडलेच पाहिजे का, हे विचारणारे आत्मारामांसारखे विरळा.

१८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि १८९५ साली त्यांनी सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाचा कारभार हाती घेतला. ही आपल्या कथेतली तिसरी सुरत. वीस वर्षांहून अधिक काळ त्या तेथे होत्या. परक्या मुलखातली, परक्या भाषेची ही मराठी बाई पडद्याआडच्या गुजराती लेकी-सुनांची डॉक्टरीणबाई झाली. ज्या बालवधूंच्या वतीने त्या टोपणनावाने वर्तमानपत्रात लिहीत असत, त्या आता खाटेवर त्यांच्यासमोर होत्या. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्याच्या घरात पाऊल टाकायचे नाकारले त्याचे वैधव्य पाळले! याचा उलगडा ज्याने त्याने आपापल्या परीने करावा. १९०७ साली टिळक काँग्रेससाठी सुरतेला आले, तेव्हा त्यांच्या जुन्या टीकेचा विषय त्याच गावात रोगी तपासत होता. आणि त्याच वर्षी शिवगौरी गज्जर आणि बाजीगौरी मुनशी या दोन विधवांनी सुरतेत वनिता विश्राम ही संस्था काढली. पुढे रखमाबाई राजकोटला गेल्या, आणि १९५५ साली, नव्वदी ओलांडून वारल्या.

आता आजच्या शास्त्राकडे येऊ, कारण आजीचा प्रश्न अजून बाकी आहे.

मुलीचे वयात येणे मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रापासून सुरू होते. शरीरात पुरेसा साठा आहे, गर्भ पोसता येईल इतके बळ आहे, अशी वर्दी मिळाली की ते केंद्र जागे होते. ही वर्दी देणाऱ्यांपैकी एक द्रव्य, लेप्टिन, १९९४ साली सापडले. ते शरीरातल्या चरबीत तयार होते. म्हणून जिथे अन्न सुधारले, जंत-हिवताप-हगवण कमी झाली, तिथे मुली लवकर वयात येऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपातल्या मुलींना सोळाच्या आसपास ऋतू येई, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तेराच्या आसपास येऊ लागला. थंड हवा तीच राहिली, ताटातले अन्न बदलले. आजीच्या वेळचे चौदावे वर्ष आणि नातीचे अकरावे यांतल्या अंतराचा मोठा भाग इथेच आहे.

याचा एक नमुना आपल्याच मुलींचा आहे. हिंदुस्थानातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या शंभरावर मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ऋतुप्राप्तीचे मध्यम वय ११.६ वर्षे निघाले, म्हणजे स्वीडिश मुलींपेक्षाही लवकर. लहानपणी उपासमार आणि मग एकाएकी भरपूर अन्न मिळाले, की शरीर राहिलेली वाढ धावत-पळत पुरी करते आणि त्या घाईत वयात येणेही अलीकडे येते, असा त्याचा अर्थ लावला गेला. घर बदलले, पण काम केले ते अन्नाने.

त्याच १९९१ साली बेल्स्की, स्टाइनबर्ग आणि ड्रेपर या अमेरिकन अभ्यासकांनी एक नवी उपपत्ती मांडली. लहानपणी घरात ओढाताण, भांडणे, बापाची गैरहजेरी असेल, तर मुलीचे शरीर 'दिवस भरवशाचे नाहीत' असे समजून लवकर मोठे होते, अशी ती. नंतरच्या काही पाहण्यांत बाप नसलेल्या, विशेषतः सावत्र बाप असलेल्या घरांतल्या मुली सरासरीने काही महिने लवकर वयात आलेल्या दिसल्या. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले.

पण सरासरीत दिसणारा संबंध म्हणजे कारण नव्हे. २००६ साली जेन मेंडल आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख युक्ती योजली. त्यांनी जुळ्या बहिणींच्या मुली निवडल्या. एकीच्या घरी सावत्र बाप, दुसरीच्या घरी नाही, अशा मावसबहिणींची तुलना केली. त्यांच्या वयात येण्यात फरक आढळला नाही. मग लोकांत दिसणारा संबंध आला कुठून? एक शक्यता अशी, की जी आई स्वतः लवकर वयात येते तिचे संसार पुष्कळदा लवकर सुरू होतात आणि लवकर मोडतात. तिची मुलगी लवकर मोठी होते ती आईकडून आलेल्या वारशाने, नव्या माणसाच्या येण्याने नव्हे. २०१९ साली रेबेका सियर आणि सहकाऱ्यांनी जगभरचा पुरावा तपासला, तेव्हा श्रीमंत पाश्चात्त्य देशांबाहेर हा नियम सगळीकडे टिकत नाही असे दिसले. ज्या घरात बाप जाणे म्हणजे चूल थंडावणे, तिथे मुलीची वाढ लवकर होण्याऐवजी लांबूही शकते.

रखमाबाईच्या एका उदाहरणावरून शास्त्र सिद्ध होत नाही आणि मोडतही नाही. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत तिला न्हाण आले, ते सावत्र बापामुळे की आईकडून मिळालेल्या वारशाने की बऱ्या खाण्याने, हे ठरवायला निघणे व्यर्थ. पण एक गोष्ट कागदोपत्री स्पष्ट आहे. ज्या सावत्र बापाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आपली सवय, त्यानेच त्या घरात दाराला कडी लावली. सख्खे बाप असलेल्या हजारो घरांनी मात्र घड्याळ वाजताच दार उघडून दिले होते.

म्हणून आजीने नातीकडे पाहताना आईच्या कुंकवाकडे पाहू नये. आठव्या वर्षाच्या आत छाती दिसू लागली, तर डॉक्टरांकडे न्यावे. त्यानंतर दहाव्या-अकराव्या वर्षी न्हाण येणे हा आजार नव्हे, कुणाचा दोषही नव्हे. पण अकरा वर्षांची मुलगी उंच झाली तरी अकराचीच असते, आणि जोखीम सुरू होते ती इथेच. लवकर मोठ्या दिसणाऱ्या पोरीला घर लवकर 'मोठी' ठरवते. शाळा सुटते, 'स्थळ चांगले आहे' असे कानावर येऊ लागते.

कायदा बराच पुढे आला आहे. १९२८-२९ मध्ये अमरावतीच्या सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समितीने देशभर साक्षी घेतल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, ते १९७८ साली अठरा झाले. १८९१ मध्ये बारावर थांबलेली गोष्ट २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरी केली, अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच, असे सांगून. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आणि गुजरातेत २१.८ टक्के निघाले. भाषा, अस्मिता, पाणी यांवरून आपण सीमेच्या अल्याड-पल्याड कितीही तंडलो, तरी या बाबतीत दोन्ही बाजूंची घरे जवळजवळ सारखीच निघाली.

पुढच्या खेपेला सुरतेहून असा निरोप आला, 'पोर शहाणी झाली', तर आजीने गूळ-खोबरे घेऊन जरूर जावे, ओटी भरावी, नातीला जवळ घेऊन जे समजावायचे ते समजावावे. मग तिला नवे दप्तर घेऊन द्यावे आणि सोमवारी नेहमीच्याच वेळेला शाळेत सोडून यावे.